माझ्या वतीने कोण बोलणार

फौजेतून कायमचा घरी आलो तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. डावा कान जवळजवळ गेलेला. उजव्या कानाला समोरच्याचं बोलणं कळायचं, पण तो माणूस उजेडात बसलेला हवा आणि डोक्यावर पंखा फिरत नसलेला बरा. शिवाय दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजायची, सकाळपासून झोपेपर्यंत. सगळी नोकरी तोफांजवळ गेली होती. तिथे कानाची तक्रार केली की तोफेवरून काढून भांडारात बसवतील या भीतीने मी न ऐकू येणं लपवायला शिकलो. ओठांकडे बघायचं, अंदाज करायचा आणि नाहीच कळलं तर होकार द्यायचा. फौजेत ‘जी सर’, घरी ‘हव’.

निवृत्तीआधीच्या वैद्यकीय तपासणीतही मी तेच केलं. डॉक्टर खाली बघून लिहीत होते, तोंडावर मास्क होता. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले. एकही नीट ऐकू आला नाही. प्रत्येकाला मी ‘जी सर’ म्हणालो आणि दाखवलेल्या जागी सही केली.

मग रायपुरातल्या घरी पत्र आलं. अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर. कानांचा त्रास नोकरीमुळे झालेला नाही, अर्जदाराने स्वतः सांगितल्याप्रमाणे तो लहानपणापासूनचा आहे.

बायकोने पत्र वाचून माझ्यासमोर धरलं. ती शाळेत शिकवते, कागद नीट वाचते.

“असं काहून लिहिलं त्यायनं? तुमी सांगितलं होतं काय असं?”

“नाही,” मी म्हणालो. “चुकी झाली असन त्यांची.”

खरं काय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी कशाला हो म्हणालो होतो ते आता कागदावर छापून आलं होतं. तिला ते सांगायची हिंमत झाली नाही. दुसरं कोणी विचारलं तर काय सांगू, याचीही भीती बसली. सही माझी होती. आधी खोटं बोलला की आता बोलतोय, असंच कोणीही म्हणणार.

अपिलाला मुदत होती आणि ते मला एकट्याने जमणारं नव्हतं. माझ्या वतीने लिहिणारा, बोलणारा कोणीतरी हवा होता. बँकेत ओळख झालेल्या एका माजी सैनिकाने पंडरीच्या कापड बाजारातल्या एका एजंटाचं नाव सांगितलं. मी एकटाच गेलो. खाली कापडाचं ठोक दुकान, वर अरुंद जिन्याने त्याची खोली. तो खिडकीकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे चेहरा काळोखात, आणि तोंडात तंबाखू. तो बराच वेळ बोलला. त्यातला एकच शब्द मला लागला, “गारंटी.” तो शब्द ऐकून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्याने मागितलं म्हणून डिस्चार्ज बुक दिलं, दवाखान्याचे मूळ कागद दिले. त्याला काम सोपवल्याचा एक धरून तीन कागदांवर सह्या केल्या.

जिना उतरून स्कूटरपाशी आल्यावर लक्षात आलं, त्यातले दोन कागद कोरे होते.

परत वर जायला हवं होतं. गेलो नाही. वर जाऊन काय विचारणार आणि तो जे सांगेल ते मला ऐकू येणार होतं का? घरी येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या सहीच्या वर आता काहीही लिहिलं जाऊ शकतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सांगितलं.

ती रागावली नाही, आणि त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. “एक वकीलबाई आहेत,” ती म्हणाली. “आमच्या शाळेतल्या मॅडमच्या ओळखीच्या. फौजींचीच कामं पाहतात. मी येतो संगं.” आमच्याकडे बायकाही ‘येतो’ म्हणतात.

वकीलबाईंचं घर सदर बाजाराच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, इतक्या चिंचोळ्या गल्लीत की स्कूटर बाहेर ठेवून चालत जावं लागलं. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या बाई. मी बोलायला लागलो आणि त्या एकदम उठल्या. वाटलं, माझं काही चुकलं. त्यांनी पंखा बंद केला, आपली खुर्ची दाराच्या उजेडात ओढली आणि माझ्या अगदी समोर बसल्या. मे महिना होता. पाच मिनिटांत आम्ही तिघंही घामाने निथळायला लागलो, पण त्यांचा शब्दन् शब्द मला कळत होता. फौजेतून आल्यापासून कोणाचं बोलणं इतकं सलग कळलं नव्हतं.

पत्र वाचून त्यांनी हिंदीत विचारलं, “त्रास लहानपणापासून आहे, असं तुम्ही म्हणाला होता?”

शेजारी बायको बसलेली. नाही म्हणणं सोपं होतं, एकदा म्हणून झालंही होतं. पण या बाईंनी पंखा बंद केला होता. ऐकू आलं नाही, हे सांगायला इथे लाज वाटायचं कारण उरलं नव्हतं.

“म्हणालो असेन,” मी सांगितलं. “प्रश्न ऐकू आला नव्हता. मी सगळ्यांनाच हो म्हणालो.”

बायको माझ्याकडे वळली. हळूच म्हणाली, “मलेई असंच हव हव करता ना घरी?”

वकीलबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे जसं घडलं तसंच अपिलात लिहावं लागेल. भरतीच्या वेळी तुमचे कान कसे होते ते जुन्या कागदांत असेल, तो कागद माहितीच्या अधिकारात मागवू. मी विचारलं, “होईल ना काम?” त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. विश्वास ठेवतील किंवा ठेवणारही नाहीत. वकालतनामा घरी न्या, वाचा. पटला तर सही करून आणा.”

घरी येताना मला पंडरीवालाच बरा वाटायला लागला होता. भ्यालेल्या माणसाला गारंटी हवी असते. बाईंच्या मार्गाने जायचं म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मी न ऐकता होकार दिला. ते वाचून कोणी विचारलं, इतकी वर्षं तोफेवर असताना हुकूमही असेच न ऐकता पाळत होतास काय, तर? दोन दिवस मी काहीच ठरवलं नाही. वकालतनामा टेबलावर पडून होता.

तिसऱ्या दिवशी एजंटाने मोबाइलवर एका कागदाचा फोटो पाठवला. प्रतिज्ञापत्र, खाली माझी सही. वर लिहिलं होतं की तपासणीत डॉक्टरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, सही जबरदस्तीने घेतली. शपथेवर.

बायकोने मोठ्याने वाचलं आणि फोन खाली ठेवला. “चला,” ती म्हणाली.

त्या जिन्यावर मी दोनदा थांबलो. शत्रूच्या तोफा ऐकलेला माणूस कापडाच्या दुकानावरच्या खोलीला एवढा का घाबरतो, मला सांगता येणार नाही. एजंट पाठमोरा उभा राहून काही बोलत होता. मी म्हणालो, “माझ्याकडे बघून बोला. मला ऐकू येत नाही.” अनोळखी माणसाला हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो वळला. माझे कागद परत द्या, हे प्रतिज्ञापत्र खोटं आहे, मला चालणार नाही, असं मी सांगितलं. तो तावातावाने बोलला, हात उडवत, कोणत्या वकिलाने कान भरले म्हणून विचारलं. बायको दारात उभी होती, हललीच नाही. शेवटी त्याने डिस्चार्ज बुक आणि दवाखान्याचे कागद टेबलावर टाकले, प्रतिज्ञापत्र फाडलं. दुसरा कोरा कागद हरवला म्हणाला.

तो कागद कधीच मिळाला नाही. वकीलबाईंनी एजंटाला लेखी नोटीस पाठवली आणि संबंधित कार्यालयालाही कळवलं की या माणसाला माझ्या वतीने काही करायचा अधिकार नाही. तरी कित्येक महिने दारात पोस्टमन दिसला की मी आधी पाकिटावरचं पाठवणाऱ्याचं नाव बघायचो.

जुने कागद आले. भरतीच्या वेळी दोन्ही कान ठणठणीत. आणि मी साफ विसरलेली एक नोंद. नोकरीच्या सुरुवातीला, गोळीबाराच्या सरावानंतर, कानात आवाज येतो म्हणून मी दवाखान्यात गेलो होतो. तिथे कानात घालायचं औषध दिलं होतं. वकीलबाईंनी ती ओळ मला बोटाने दाखवली. त्या पोरसवद्या जवानाने तेव्हा खरं सांगून ठेवलं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

अपिलात पुन्हा तपासणीचा हुकूम झाला. प्रश्न लेखी द्यावेत, अशी बाईंनी आधीच विनंती केली होती, ती मान्य झाली. दूरच्या लष्करी रुग्णालयात मी एका बाकावर बसलो. प्रत्येक प्रश्न तीनदा वाचला, मगच उत्तर लिहिलं.

निकाल पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आला. बहिरेपणा नोकरीमुळेच, हे मान्य झालं. कानातल्या शिट्टीबद्दल मात्र त्यांनी नकार दिला. आम्ही वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी चहा केला. शिट्टीसाठी पुढे लढता येईल, म्हणाल्या, पण वेळ लागेल, जबलपूरच्या लष्करी न्यायाधिकरणात फेऱ्या होतील, आणि निकाल काय लागेल ते त्या सांगू शकत नाहीत.

मी विचार करून सांगतो म्हणालो.

गल्लीतून बाहेर येताना बायकोने विचारलं, “आता कशाचं भेव वाटून राहिलं?”

“पुन्हा सगळं सांगायचं,” मी म्हणालो.

तिने स्कूटरच्या हँडलला अडकवलेली कागदांची पिशवी काढून मांडीवर घेतली आणि मागे बसली. सदर बाजारातून स्कूटर काढणं त्या वेळी कठीणच असतं. मी हळूहळू चालवत राहिलो.