मामांचे तीन बेडूक आणि मी

एका संध्याकाळी मी मामांच्या तिन्ही बेडकांना पोटभर जेवू घातलं. चूक एवढीच.

बेडकाच्या विष्ठेपुढे इतक्या आदराने वाकणारा माणूस माझ्या मामांखेरीज साऱ्या पश्चिम खानदेशात झाला नसेल. पांझरेकाठच्या एका गावात ते मास्तर होते. फडाच्या, म्हणजे पाटाखालच्या सामाईक शेतीच्या, शेवटी, भाताच्या खाचरांखाली, पाटाचं झिरपून आलेलं पाणी साचून एक डबकं झालं होतं. शाळा सुटली की मामा तिथे. बेडूक मारून पोट फाडायचं त्यांना पाप वाटे. म्हणून ते बेडूक घरी आणून ओल्या गोणपाटावर मडक्याखाली ठेवत, सकाळी त्याने मागे ठेवलेलं बशीत धुऊन भिंगाखाली बघत, वहीत लिहीत आणि बेडकाला होता तिथे नेऊन सोडत. मामी म्हणायची, "बशा सहा, त्यातल्या चार बेडकांच्या. पाहुण्यांना चहा काय ओंजळीत देऊ?"

एकाच डबक्यात थोरला, मधला, धाकटा असे तीन जातींचे बेडूक सुखाने का नांदतात, हे मामांनी शोधलं होतं. थोरला पिवळा खेकडे आणि भुंगे खातो, खरबरीत पाठीचा मधला बांधावरच्या मुंग्या टिपतो, बोटाच्या पेराएवढा धाकटा भाताच्या बुडख्यातले तुडतुडे. "घास वेगळे असले की भांडण नाही," असं म्हणून त्यांनी घरातही वाटण्या केल्या होत्या. भाकरीचा पापुद्रा मामीचा, मधला मऊ भाग माझा, करपलेली कड मामांची. एकदा मी चुकून कड उचलली, तर दोन दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले.

त्या पावसाळ्यात गावात तापाची साथ आली आणि डबक्यातल्या डासांमुळेच ती आली म्हणून पंचांनी त्यातलं पाणी सोडून द्यायला नदीपर्यंत चर काढायचं ठरवलं. मामा पंचांपुढे उभे राहिले. "हे बेडूक गेले तर भाताची कीड कोण खाईल? तिघे तीन प्रकारची खातात." पंचांतले थोरले आबा म्हणाले, "मास्तर, वहीमधलं ऱ्हाऊ द्या. डोयाले दखाडा. तीन प्रकारनं निंघनं तं डबकं ऱ्हाई, नही तं सकायपासून चर." म्हणजे उद्या सकाळी बशांत तीन तऱ्हा दिसल्या नाहीत, तर उद्यापासूनच खणती.

मामांनी त्याच दुपारी तिन्ही जातींचा एकेक बेडूक आणून तीन मडक्यांखाली ठेवला. मी जळगावला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून. पावसाळ्यात जिन बंद, म्हणून मामांकडे खायला. दिवेलागणीला ओसरीत कंदिलाभोवती पंखवाल्या वाळवीचा सडा पडला. मामा पंचांना आठवण करून द्यायला गेले होते. मला वाटलं, बिचारे उपाशी. उद्या यांच्यावर केवढी जबाबदारी! मी वाळवी ओंजळीने उचलली आणि तिन्ही मडक्यांखाली सारखी वाटली. माझ्या उदारपणाचं मलाच भरून आलं.

सकाळी ओसरीवर पंच बसले. मामांनी पहिली बशी धुतली. वाळवीची डोकी. दुसरी. वाळवी. तिसऱ्या बशीवर ते फार वेळ वाकून राहिले. मग भिंग बाजूला ठेवून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कंदिलाची काच पुसायला घेतली.

आबांनी तिन्ही बशा स्वतः पाहिल्या. "मास्तर, यास्नं तं बठ्ठं एकच शे."

"हो," मामा म्हणाले, "आज एकच आहे." आणि वहीत तसंच लिहिलं.

दुपारी चर खणायला सुरुवात झाली. चौथ्या दिवशी डबक्याच्या जागी चिखल होता आणि त्यावर बगळे चालत होते. मामांनी पंचांपुढे तक्रार नेली नाही. फक्त शाळा सुटल्यावर कुठे जायचं ते त्यांना सुचेना. फळ्यापाशी खडू चुरत उभे राहायचे.

जिन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तिथे गेलो. चिखलाला भेगा पडल्या होत्या. कुठूनही आवाज नव्हता. मी म्हणालो, "मामा, ती वाळवी मी टाकली होती."

"ओसरीभर पंख पडले होते. मला दिसत नव्हते का?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मला शंका होती. खात्री तुला होती." ते भेगांकडे बघतच राहिले. "मी तुझी वाट पाहत होतो. अरे, बेडूकसुद्धा वेळेवर तोंड उघडतो."