रक्तात असतं का?

मुलीकडचे पलूसहून आमचं घर बघायला येणार होते, म्हणून आईने मला साताऱ्याहून मुद्दाम बोलावून घेतलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पाहुण्यांसमोर धाकट्या भावाशेजारी मी बसावं, एवढीच तिची इच्छा. लग्न त्याचं होतं. शेती तो बघतो म्हणून मला शिकता आलं, हे मी विसरलेलो नाही.

धाकटा शर्यतीत बैलगाडी हाकतो. गेल्या वर्षी मांडीचं हाड मोडून घेतलं. वडीलही हाकायचे, त्यांचा एक हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

पोहे झाल्यावर मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "सर, तुमी हेच शिकवताय न्हवं? ह्ये याड रक्तातच असतं का?"

आमच्या घरात आजवर मला माझ्या विषयातलं कुणी काही विचारलं नव्हतं. मी सरसावून बसलो. धोका पत्करण्याचा स्वभाव काही अंशी आनुवंशिक असतो, म्हणालो. त्याचं एकच असं जनुक नसतं, पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा अगदी लहान. बाकीचं परिस्थिती घडवते.

"म्हंजे पोरांत बी उतरंल?"

"थोडी शक्यता असते."

मुलीच्या आईने बशी खाली ठेवली. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. आई म्हणाली, "आवं, च्या घ्या की."

मी सांगितलं त्यात चुकीचं काही नव्हतं. पण त्यांना मुलगी कुणाच्या घरात द्यायची ते ठरवायचं होतं. आई मागे बसली की हाच धाकटा मोटारसायकल किती हळू चालवतो, ते मला ठाऊक होतं. त्याच आईबापांचा मी, आणि विहिरीत कधी साधी उडी मारली नाही, हेही सांगता आलं असतं. तेव्हा यातलं काहीच सुचलं नाही. कुणीतरी विचारलं, याचाच आनंद झाला होता.

आठवड्याने मध्यस्थाचा फोन आला, मुलीला पुढं शिकायचंय.

धाकटा हसला. "दादा, माज्या न जन्मल्याल्या पोरांची बी हाडं मोडलीस की." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

काल आईचा फोन होता. "ह्या ऐतवारी दुसरं पाव्हणं येणार हायेत." मग म्हणाली, "तुला कॉलेजात काम असंल, तर येऊ नगंस. लय लांब पडतं."

रविवारी कॉलेज बंद असतं, हे तिलाही माहीत आहे.

"व्हय," मी म्हणालो, "काम हाय."