तीन दिवसांचं पाणी

काल घरासमोरून धानाच्या पऱ्ह्यांनी, म्हणजे लावणीच्या रोपांनी, भरलेली ट्रॉली गेली आणि उपटलेल्या मुळांचा ओला, हिरवा वास अंगणभर पसरला. खाटेवर बसल्या बसल्या मी भाताच्या एका जुन्या रोवणीत जाऊन पोचलो.

त्या साली पाऊस दडून बसला होता. गावच्या तलावाचं पाणी तीनच दिवस मिळणार होतं आणि त्यावरच वर्षाचा भात होता. माझ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, पाच; बैलजोडी एक. सारे जण प्रत्येक बांधीत घाईघाईनं चिखल करून ठेवत होते. मी एकच बांधी धरली. चिखल केला की लगेच रोवायचं, मगच दुसरी. चिखल बसून घट्ट झाला की रोप आत जात नाही, हे माझ्या बोटांना ठाऊक होतं.

थोरला भाऊ आमच्या मधल्या बांधावरून, धुऱ्यावरून, ओरडला, "येडा झाला का गा? पाचही चिखलून ठेव! पाणी थांबते का तुह्यासाठी?"

"नको थांबू दे. मी पाच जागी अर्धा अर्धा नाही राबत, दादा."

रोवणाऱ्या बाया हसल्या. बायकोनं पदर खोचला. "तुमी बैल हाका जी. या बायायले हसू द्या."

चौथ्या दिवशी पाट कोरडा पडला. भावाच्याही बांध्या पाच; पाचहींत चिखल घट्ट बसला होता, रोप दोनातच. माझ्या तीन हिरव्या, दोन उघड्या. लोक म्हणाले, याचंही नुकसानच झालं. झालं असेल. पण त्या दोन बांध्या माझ्या हातून सुटल्या नव्हत्या, मी त्या सोडल्या होत्या.