जिनसेंग आणि मुळ्याची भाजी

प्रवचन सुरू झालं की माझे डोळे मिटतात, ते थेट शेवटच्या आशीर्वादाला उघडतात. आमच्या कॅनडातल्या मिसिसागाच्या चर्चमध्ये मराठी मिसेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, येणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे. मागच्या बाकावरचे तर माझं घोरणं ऐकून प्रवचन रंगात आल्याचं ओळखतात. बायकोने आजवर चालवून घेतलं. पण या खेपेला प्रवचनानंतर तिला एकटीने गायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा.

"अहो, या रविवारी तरी जागे राहा," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून मी शेजारच्या चिनी आजींकडे गेलो. त्यांच्या बेसमेंटमध्ये झाडपाल्याच्या बरण्याच बरण्या. आजींनी आधी माझी जीभ बघितली. मग विचारलं, अंगात थंडी वाटते की उष्णता?

"पाय गार, डोकं गरम."

त्यांनी एक सुरकुतलेलं, दोन तंगड्या फुटलेलं मूळ काढलं. जिनसेंग. कोरियाकडचं उष्ण पडतं, हे थंड, दमलेल्या माणसाला चांगलं, म्हणाल्या. चीनच्या कुठल्या डोंगरातून आलं असेल, या भक्तिभावाने मी ते दोन्ही हातांनी घेतलं. ते इथल्याच, हॅमिल्टनच्या पलीकडच्या शेतातलं निघालं. पातळ काप करून गरम पाण्यात झाकून ठेवायचे, पाणी प्यायचं, काप चावून खायचे.

चव आधी कडू, मग मागून ज्येष्ठमधासारखी गोड. गुण शून्य. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा चालू ठेवून झोपलो.

आजी चौकशीला आल्या तेव्हा आम्ही जेवत होतो. बायकोचं माहेर वसईच्या वाडीतलं. थंडीत सुकट घातलेली मुळ्याची भाजी नसली तर तिला जेवल्यासारखंच वाटत नाही. आजींनी माझं ताट बघितलं.

"मुळा? रोज?"

"रोज."

"जिनसेंगने शक्ती येते. मुळा ती घालवतो."

बायको माझ्याकडे वळली. "पथ्य विचारलं नाहीत?"

"चिनी औषधाला कसलं पथ्य, असं वाटलं."

"का, चिनी माणसं जेवत नाहीत?"

मुळा बंद झाला. रविवारी मी टक्क जागा होतो. औषधाने की धाकाने, ते देवालाच ठाऊक. प्रवचन पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं आणि आपण इतकी वर्षं झोपत होतो ते उगाच नाही, हे पटलं. मग ती गायला उभी राहिली. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याचे शब्दच गेले. तिने पहिलंच पुन्हा म्हटलं, तिसऱ्याच्या जागीही तेच, आणि मान खाली घालून बसली.

 परतताना गाडीत तिने हळूच विचारलं, "दुसरं कडवं कसं झालं?"

"तेवढ्यात जरा डोळा लागला गं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"असू दे," म्हणाली. "दमता हो तुम्ही."