गाणं चालू असताना मी बोलले

माझी नात पुण्यात शिकते आणि तिथल्या एका बँडमध्ये वाजवते. बँड म्हणजे लग्नातला नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण गावात हे सांगून सांगून माझी जीभ दमली. चौघं जण आहेत. एक मुलगी ड्रम बडवते, एक मुलगा गिटार वाजवतो, एक गातो, आणि आमची नात दोन मजली पेटी वाजवते. पेटी म्हणजे ती विजेवरची, बटणांची. तिला ती सिंथ म्हणते.

सुट्टीत आमच्या गावी, विंझरला आली की ती हे यंत्र ओसरीवर मांडायची आणि कानाला मोठाले हेडफोन लावायची. म्हणजे वाजवणारही तीच आणि ऐकणारही तीच. मला काय ऐकू यायचं, तर बोटांची टकटक. कुणी शेजारच्या खोलीत शेंगा फोडतंय अशी. तीन वर्षं मी ती टकटक ऐकली.

"अगं, मला तरी ऐकव की."

"इथं नाही मजा येत, आजी. मोठ्या स्पीकरवर ऐकायचं असतं ते. पोटात जातं."

"असतं तरी कसलं?"

"जुन्या काळचा आवाज आहे. ऐंशी सालातला. तुझ्या तरुणपणीचा!"

"ऐंशी साली आमच्याकडं दिवे नव्हते, बाई. मी तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन ओढ्यावरनं यायचे. मला कुठं भेटला तुझा आवाज?"

ती हसली, पण माझ्या मनात ते राहिलंच. माझ्या ऐन उमेदीत जगात कुठंतरी असले आवाज निघत होते, लोक त्यावर नाचत होते, आणि आमच्या खोऱ्यात नुसता रॉकेलचा वास. आता या वयात तो आवाज माझ्या ओसरीपर्यंत आला, तर तो हेडफोनात कोंडलेला. मी ठरवलं, एकदा हे ऐकायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पोटात जाईल असं.

तशी वेळ आली गेल्या हिवाळ्यात. पालीला, राजगडाच्या पायथ्याला, पुण्याच्या एका शेटनं तंबूंचा कॅम्प टाकलाय. भाताची कापणी झाली की खाचरं मोकळीच असतात, तिथं त्यानं दोन दिवसांचा गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. सात-आठ बँड, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. आमच्या नातीची वेळ दुपारी चारची.

फोनवर ती म्हणाली, "आजी, तू ये. शेवटी आमचं ते मोठं गाणं वाजवणार आहोत. अकरा मिनिटांचं. अजून रेकॉर्ड केलं नाहीये कुठंच. आणि आमची ड्रमवाली पुढच्या आठवड्यात जर्मनीला चाललीये शिकायला. मग बँड बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. हा शेवटचा कार्यक्रम."

आता ऐका माझा मूर्खपणा. ती बोलता बोलता म्हणाली की चारच्या उन्हात पंधरावीस माणसंही नसतील बहुतेक. झालं! माझ्या जिवाला घोर लागला. पोरीचा शेवटचा कार्यक्रम आणि समोर मोकळं खाचर? मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन निघाले आणि ओळखीची घरं घेतली. विंझरची घेतली, पालीची घेतली. जिथं जाईन तिथं आपलं नेहमीचं बोलणं, "तुमच्याशिवाय शोभा न्हाई बघा कार्यक्रमाला." सरपंचबाईंना म्हटलं, पोलीस पाटलांना म्हटलं. गुरुजींनाही म्हटलं. हे गुरुजी शाळेतून निवृत्त झालेत, पण गावात बारसं असो की दहावा, माईक त्यांच्याच हातात असतो. त्यांनी विचारलं, "वैनी, दोन शब्द बोलावं लागतील का?"

तिथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तोंडातून गेलं, "बोला की! तुमी न्हाई तर कोण बोलणार?"

चार वाजता दीडएकशे माणूस जमलं. बायका पदर डोक्यावर घेऊन सतरंज्यांवर, पुरुष खुर्च्यांवर, आणि मागं शहरातली पोरंपोरी अर्ध्या चड्ड्यांत उभी. कॅम्पचा शेट खूश. नात स्टेजवरून माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होती, हे काय आणलंस म्हणून.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मला कुणी ऐकू देईना. सगळ्यांना मीच बोलावलेलं, म्हणून सगळ्यांची यजमान मीच.

"वैनी, पाटलांना खुर्ची न्हाई."

"मावशी, पाणी कुठं हाय हितं?"

"आक्का, लई मोठ्यानं वाजतंय वो, बारीक करायला सांगा की."

मी खुर्ची आणली, पाणी दाखवलं, मोठ्यानंच वाजवायचं असतं म्हणून सांगितलं. दुसरं गाणं एका बाईच्या रडणाऱ्या नातवाला चिक्की शोधण्यात गेलं. तिसऱ्याच्या वेळी पालीच्या पाव्हण्यांनी, आपल्याला विंझरवाल्यांच्या मागं बसवलं म्हणून, तोंड फुगवलं. त्यांची समजूत काढून वळले, तर टाळ्या पडत होत्या. मी म्हटलं, असू दे. मोठं गाणं तर अजून आहे. पहिल्या सतरंजीवर मांडी घातली आणि शेजारणीला बजावलं, "आता मला देव आला तरी उठवू नको."

ते गाणं कसं सुरू होतं बघा. बाकी तिघं हात खाली सोडून थांबलेले. नातीनं एकच बोट ठेवलं आणि एकच सूर निघाला, जाड, खालचा, लांबच्या लांब. गायक मागं सरकला होता. तो सूर तसाच राहिला आणि हळूहळू त्याच्यात दुसरा मिसळायला लागला. माझ्या अंगावर काटा आला. मी डोळे मिटले.

"तर रसिकहो!"

डोळे उघडले. गुरुजी माईकवर.

आता त्यांचीही चूक म्हणता येत नाही. आमच्याकडं सत्कार असला की मागं हळू वाद्य लावतात. गाणारा मागं गेला, मंद सूर चालू झाला, माणूस काय समजणार? गाणी संपली, आता आपलं काम. आणि त्यांनी ते मनापासून केलं. सरपंचबाईंना शाल आणि नारळ. पाटलांना शाल आणि नारळ. कॅम्पच्या शेटला शाल, नारळ आणि फेटा. प्रत्येकाचा परिचय. नात बिचारी तो एकच सूर ओढत राहिली, आता थांबतील, मग थांबतील म्हणून. ड्रमवालीनं काठ्या उचलल्या आणि परत मांडीवर ठेवल्या. मी खालून हातवारे करत होते, "गुरुजी, बास! गुरुजी!" त्यांना वाटलं, माझं नाव घ्यायचं राहिलं म्हणून मी खुणावतेय.

"आणि आता, ज्यांच्यामुळं हा सोहळा घडला, त्या आपल्या वैनी!"

मी चढले. खरं सांगते, एकाच विचारानं चढले, की माईक घ्यायचा आणि म्हणायचं, मंडळी, गाणं संपलेलं नाही, गप बसून ऐका. एवढंच.

आणि मी तसंच म्हणाले. पण एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली! लोक गाणं ऐकत नाहीत तर त्यांना कळायला नको का कशाला ऐकायचं ते? म्हणून मी सांगायला लागले, की हा आवाज आपल्या तरुणपणीचा आहे आणि आपल्याला तो मिळाला नाही. आपण बायका तेव्हा चुलीपाशी होतो. कंदिलाच्या काचा पुसत होतो. बायका हसल्या. बायका हसल्या की मला आणखी सुचतं. मग मी नात लहानपणी परातीवर उलथनं आपटायची ते सांगितलं. तिला हेडफोन लावलेलं बघून हिचा कान दुखतोय असं वाटून मी तेल गरम करून आणलं होतं, ते सांगितलं. माझ्या मागं ढोल सुरू झाले. मला वाटलं, मला साथ देतायत. मी आवाज चढवला. ढोल वाढले, गिटार आली, मी आणखी चढवला. पायाखालच्या फळ्या हलत होत्या, चपलांतून वर पोटरीपर्यंत थरथर येत होती, आणि मी बोलत होते, "ऐका रे, कान देऊन ऐका!"

टाळ्या झाल्या. मी हसतमुखानं मागं वळले, आता वाजवा म्हणायला. नात वायरी गुंडाळत होती.

"वाजवा की गं."

"वाजवलं, आजी."

"कधी?"

"तू बोलत होतीस तेव्हा. वेळ संपत आली होती, मग सुरू केलं."

"मग परत वाजवा."

"पुढचा बँड खाली उभा आहे." ती रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. "तुला ऐकायचं होतं ना?" एवढंच म्हणाली आणि यंत्राची पेटी बंद केली. ड्रमवाली पोरगी येऊन माझ्या पाया पडली. तिला काय आशीर्वाद दिला आठवत नाही.

खाली उतरले तर शहरातली पोरं भोवती. "आजी, तुमचा पार्ट भारी होता!" त्यांना वाटलं, माझं बोलणं गाण्यातच बसवलेलं आहे. आणि गावाचं म्हणाल तर अजून दुकानात गेले की कुणीतरी म्हणतं, "आजी, काय भाषान ठोकलंत वो!"

"आणि गाणं कसं वाटलं?"

"गाणं व्हय? आसंल की चांगलं."

महिन्यानं नातीनं ते माझ्या मोबाईलवर पाठवलं. कॅम्पच्या शेटच्या माणसांनी तेवढं टिपून ठेवलं होतं. मी विचारलं, "यातलं माझं बोलणं पुसून टाकता येतं का?" ती म्हणाली, करून बघितलं, पण त्याच्याबरोबर तिचे सूरही जातात.

दुपारची जेवणं झाली की मी ते लावते. मी श्वास घ्यायला थांबते तिथं गाणं ऐकू येतं. पण मी बोलताना किती कमी थांबते हो! सबंध गाण्यात चार वेळा. तीन जागा तर सूर ओळखेपर्यंत संपतात. चौथी बरी लांब आहे, तिथं मी पदर सावरला असणार. तिथं नातीची बोटं वर वर चढत जातात, आता काहीतरी मोठं येणार असं वाटतं, आणि नेमके तेव्हाच गुरुजी माईकजवळ तोंड आणून म्हणतात, "वा! वा, वैनी!"