तारखांचा रकाना

ती केस आठवली की आजही जीव थकतो. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात नुकताच संगणक आला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि उभ्या-आडव्या रकान्यांचा तक्ता. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलायचे. आज पोरंसोरं मोबाईलवर स्प्रेडशीट करतात, तेव्हा लोक ती मुद्दाम बघायला यायचे. लागणीच्या तारखेवरून ऊसतोडीचा क्रमही त्यातूनच निघू लागला.

मग माझ्या पोलीस ठाण्यात निनावी अर्ज आला, ऑपरेटर चिरीमिरी घेऊन नंबर पुढेमागे करतो. सोबत छापील यादी. आधी लावलेला ऊस शेवटी, मागाहून लावलेला पहिला.

ऑपरेटर फौजेतून निवृत्त झालेला, शेजारच्याच गावचा. त्याला चौकशीसाठी आणून मी दोन दिवस बाकावर बसवलं. "साहेब, मी कुणाचं काय घेतलं न्हाई," एवढंच तो म्हणायचा. मी आवाज चढवला, आईबापही काढले. त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी माझा हवालदार टेबलाशी घुटमळला. "साहेब, यादीत आमच्या सासऱ्याचा नंबर बी लय पुढं आलाय. आमी तर ह्या माणसाला चहासुदा पाजला न्हाई."

मी चरकलो. शेती खात्याची नोंदवही मागवली आणि ऑपरेटरला घेऊन कारखान्यात गेलो. वहीत आणि यादीत नावं तीच, तारखाही त्याच, पण एकाची तारीख दुसऱ्याच्या नावापुढे. ऑपरेटरनं पडद्यावरच्या तारखांवर बोट ठेवलं.

"चूक माझीच हाय, साहेब. तारखा क्रमानं लावताना मी नुसता तारखांचा रकाना धरला. तारखा वरखाली झाल्या, नावं जाग्यावरच ऱ्हायली. वहीत कवा असं हुत न्हाई, आख्खी ओळच उचलतो आपण."

यादी दुरुस्त झाली. अर्जावर मी 'तथ्य आढळून आले नाही' असा शेरा मारला. निघताना तो म्हणाला, "साहेब, एकडाव गावात येऊन चार माणसांत सांगाल का? घरातली माणसं मान खाली घालून फिरत्यात."

"या आठवड्यात येतो," मी म्हणालो.

माणसाला ठाण्यात आणायला एक शिपाई पुरतो. त्याची अब्रू परत करायला मात्र अधिकाऱ्यानं स्वतः जावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. आधी बंदोबस्त निघाला, मग सांगलीला बदली झाली. त्यानं नोकरी सोडली आणि बिऱ्हाड हलवलं, हेही नंतर कानावर आलं.

त्याचं गाव ठाण्यापासून चार मैलांवर होतं. मी गेलो नाही.