पानाखालचा केस

आमच्या लॅबमध्ये रक्त काढायला तिघी जणी होत्या. त्यातल्या थोरलीला सगळे मोठ्या ताई म्हणत. मी तिथे रिपोर्ट टाइप करतो, त्यामुळे त्यांचं काम रोज बघत आलो. दंडाला पट्टा बांधला की त्या डोळे मिटून एका बोटाने शीर शोधत. डोळे फसवतात, बोट फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्यांनी हात टेकलेले पेशंट त्यांच्याकडे येत आणि सुई टोचली का म्हणून विचारेपर्यंत नळी भरलेली असे. ताईंना याचा गर्व होता आणि त्या तो लपवतही नसत.

मग त्यांना किमो घ्यावी लागली. आजार हटला, पण बोटांची टोकं बधिर झाली. ब्लाउजची हुकं लागेनात. डॉक्टर म्हणाले, सराव करा, थोडंफार परत येईल. किती ते सांगता येत नाही. ताईंनी नव्या मुलींना शिकवायचा आपलाच धडा काढला. पुस्तकाच्या पानाखाली एक केस ठेवायचा आणि वरून बोट फिरवून तो कुठे आहे ते सांगायचं. पूर्वी त्यांना पाच पानांखालचा केस लागत असे. आता एका पानाखालचाही लागेना.

केस ठेवायचं काम नवऱ्याकडे आलं. माणूस देवासारखा, आणि घोळ तिथेच झाला. ताई बोट टेकवत, तो बरोबर म्हणे. दोन महिन्यांत त्या तीन पानांवर पोचल्या आणि कामावर रुजू व्हायची तारीखही ठरली. एक दिवस बरोबर ऐकून त्यांनी सहज पान उलटलं, तर खाली केसच नव्हता. बिचारा ठेवायलाच विसरला होता. त्या दिवशी ताई खूप रडल्या, असं त्यानेच मला सांगितलं. अशा बोटांनी कामावर गेले असते तर लोकांच्या हातांची चाळण केली असती, एवढंच त्या म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी केस ठेवायला सासूबाईंना बसवलं. भाजीतल्या मिठापासून दारातल्या पायपुसण्यापर्यंत सुनेचं काही बरोबर आहे, असं म्हातारी पंचवीस वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. चार महिने तिने ‘चूक’चा पाढा लावला. पाचव्या महिन्यात अधूनमधून ‘हं’ येऊ लागलं. दोन पानांवर येऊन गाडी अडली ती अडलीच.

लॅबच्या डॉक्टरांनी अट घातली होती: आधी माझ्यासमोर एकाचं रक्त काढून दाखवा. त्यासाठी सासूबाई स्वतः येऊन खुर्चीत बसल्या. म्हाताऱ्या माणसाच्या शिरा. दोऱ्यासारख्या बारीक, बोटाखालून निसटणाऱ्या. मी टायपिंग थांबवलं. ताईंनी पट्टा बांधला, डोळे मिटले, बराच वेळ चाचपलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग सुई घातली. नळीत रक्त आलं.

डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, सोमवारपासून या. ताई खाली बसल्या.

सासूबाईंनी हात दुमडून कापसाचा बोळा दाबून धरला आणि दुसरी बाही वर सरकवली.

“एखाद्या वेळी नशिबानेही लागतं,” त्या म्हणाल्या. “आता या हाताचं काढ.”